पास्कूचा पायजमा

गाढवाला पायजमा शिवायचा तर छत्तीस पन्ह्याचं कापड सव्वातीन मीटर लागतं. माझ्या चुका धरून साडेपाच. हे माप शिवणकामाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, मी शोधलेलं आहे. एकतीस वर्षं मी बोरिवलीतल्या शाळेत शिवण शिकवलं, झबल्यापासून परकर-पोलक्यापर्यंत सगळं मुलींकडून शिवून घेतलं, पण चार पायांचं गिऱ्हाईक आलं तर काय करायचं, याचा विचार अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी केलेला नव्हता. त्यांना मी दोष देत नाही. मार्चमधल्या त्या सकाळी ज्युलियाच्या ओट्यावर मी तोंड बंद ठेवलं असतं तर मलाही तो विचार करावा लागला नसता.

ज्युलियाचं बैठं घर आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून आहे. ती पंच्याहत्तरची, मी सदुसष्टची. कुंपणाला एक भोक आहे आणि आमची चाळीस वर्षांची मैत्री त्या भोकातून चालते. इकडून थालीपीठ जातं, तिकडून कोलंबीचं लोणचं येतं. आमच्या घरात कोलंबी चालत नाही, म्हणून ते लोणचं मी भोकाशी उभी राहूनच संपवते.

तिच्या अंगणात पास्कू राहतो. पास्कू म्हणजे गाढव. ईस्टरच्या दिवशी, म्हणजे पोर्तुगीजांच्या पास्कोआला, जन्मला म्हणून पास्कू. पूर्वी ज्युलियाच्या घरची वाडी होती तेव्हा घरची गाढवं भाजी वाहायची. आता वाडीच्या जागेवर बावीस मजले उभे आहेत आणि पास्कू काहीच वाहत नाही. फ्लॉवरचा पाला खातो, माझ्या हातची पोळी खातो आणि वर्षातून एकदा कामावर जातो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, येशू गाढवावरून जेरुसलेमात आला त्याची आठवण म्हणून चर्चची मिरवणूक निघते. त्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे पास्कू. त्याच्यावर कोणी बसत नाही. त्याने फक्त चालायचं असतं आणि हे काम त्याने अकरा वर्षं चोख केलं आहे.

तर त्या सकाळी चर्चच्या मिरवणूक समितीचा रॉनी ओट्यावर आला होता. रॉनी माझा विद्यार्थी. कार्यानुभवाच्या तासाला त्याने बटण शिवलं ते नमुन्याच्या कापडासकट स्वतःच्या चड्डीला. तास संपला तरी ते सुटेना. आता तो लग्नाबिग्नाचे मोठमोठे कार्यक्रम आखून देतो आणि कानात सतत काहीतरी घालून असतो.

"टीचर, तुम्हीच समजवा आँटीला," तो म्हणाला. "हल्ली सगळं यूट्यूबवर लाइव्ह जातं. गेल्या वर्षी कॅनडातून कॉमेंट आली, गाढवाला काळे मोजे घातलेत का म्हणून. मोजे नव्हते, टीचर. माशा होत्या."

खोटं नव्हतं. उन्हाळा लागला की पास्कूच्या पायांवर माशांची वस्ती होते. तो पाय आपटतो, माशा उठतात, दोन इंच हवेत विचार करतात आणि परत बसतात. यंदा तर चावून चावून पुढच्या पायांवर जखमा झाल्या होत्या.

"कांदिवलीला लग्नाची एक घोडी आहे," रॉनी सांगू लागला. "पांढरीशुभ्र. कॅमेऱ्याची सवय, बँडची सवय. मालक तिला पंख्यासमोर बांधतो. माशीचं झंझटच नाय."

"येशू काय घोडीवर बसून आलेला काय रे?" ज्युलियाने विचारलं.

"आँटी, तेव्हा लाइव्ह नव्हतं."

 ज्युलिया भांडली असती तर मी मजा बघत बसले असते. पण ती पास्कूकडे बघत हळूच म्हणाली, "माजं गुडगं गेलं. दोन वर्सं मिरवणुकीत नाय मी. ह्या घरातनं त्यो एकटाच जातो गो, जयंती. आता त्यो पन नाय."

मला ते सहन झालं नाही. मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "रॉनी, झावळ्यांच्या रविवारी ह्याच्या अंगावर एक माशी दिसली तर शिवणाची बाई म्हणून नाव लावणार नाही मी."

शिवणाचा आणि माशांचा काय संबंध, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. रॉनीने मात्र लगेच फोनवर यादी केली. तीन आठवडे मुदत. अंगावर जखम नको, माशी नको, जनावरांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पोलिसांची परवानगी हवी. यातलं काहीही राहिलं तर घोडी.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे म्हणजे श्यामसुंदर, माझे यजमान, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त. तिथे ते नेमकं काय करायचे हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. देशाची गुपितं आहेत असं समजून मीही कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर त्यांना भेंडी चिरताना पाहिलं आणि देश एवढा सुरक्षित कसा राहिला याचं मला नवल वाटायला लागलं. एक भेंडी चिरायची, मोजपट्टी लावायची, मग दुसरी.

"आधी मोजलं पाहिजे," हे म्हणाले. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो असं एक यंत्र त्यांच्याकडे आहे. ते घेऊन आणि स्टूल घेऊन ते पास्कूशेजारी दोन तास बसले. "पायांवर चौऱ्याण्णव. तोंडावर एकतीस. शेपटीच्या टप्प्यात शून्य. शेपटी उत्तम काम करते आहे, जयंती. अडचण तिच्या लांबीची आहे."

गाढवाच्या शेपटीची लांबी माझ्या हातात नव्हती, म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर सल्ला मागितला. आयुष्यात माणसाने काही चुका एकदाच कराव्यात, त्यातली ही. गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीला भेग गेली तेव्हा त्या ग्रुपवर चिटपाखरू बोललं नव्हतं. गाढवाच्या माशांवर अर्ध्या तासात त्रेसष्ट निरोप आले.

दुसऱ्या मजल्यावरची शकु पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन खालीच उतरली. वडापावच्या गाडीवर टांगतात तशा. "माशीला आपलंच तोंड मोठं दिसतं त्याच्यात, घाबरून पळते," असं तिचं म्हणणं. आम्ही पास्कूच्या छपराला अकरा पिशव्या टांगल्या. माशा घाबरल्या की नाही कळलं नाही, कारण पास्कूने त्यातल्या सात पिशव्या खालून चावून पाणी पिऊन टाकलं आणि आठवीच्या वेळी शकु तिच्या खाली उभी होती.

मग पहिल्या मजल्यावरचा विशाल आला. हा संगणकवाला. त्याच्या फोनमध्ये एक ॲप होतं, त्यातून म्हणे असा आवाज निघतो की माणसाला ऐकू येत नाही आणि माशांना सहन होत नाही. गाढवाचं काय, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. पास्कूने तो आवाज कान टवकारून मन लावून ऐकला आणि त्याला जे उत्तर दिलं ते एक्सर रोडपर्यंत गेलं. विशालच्या हातातला फोन खाली पडला. त्याचा सल्ला तिथेच संपला.

कडुनिंबाची धुरी ही माझी स्वतःची कल्पना होती, त्यामुळे तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. धूर चांगला झाला. इतका चांगला, की समोरच्या टॉवरमधल्या कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. बंब गल्लीत शिरेना, म्हणून चार जवान पळत आले आणि त्यांना छपराखाली एक गाढव, एक घमेलं आणि पदराने वारा घालणारी मी असं दृश्य दिसलं. त्यांच्या साहेबांनी वहीत कारण काय लिहू असं विचारलं. मी म्हटलं, माशा. त्यांनी 'किरकोळ' असं लिहिलं. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हा शब्द लागतो.

"धुरीनंतर एक्याण्णव," यांनी यंत्र बघून सांगितलं. "तीन कमी झाल्या. त्यातल्या दोन माझ्यावर आल्या."

तोवर पहिला आठवडा गेला होता. म्हटलं, निदान कागदपत्रं तरी करून घेऊ. आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, मला तिथे परत जायचं आहे. खिडकीवरच्या गृहस्थांनी फॉर्म दिला. त्यात 'जनावराचा उपयोग' असा रकाना होता आणि पुढे दूध, ओझे, शेती, इतर. मी 'इतर'वर खूण करून 'धार्मिक' असं लिहिलं.

गृहस्थ दचकले. "बळी देणार?"

"अहो, नाही! पुढे चालतो तो. फादरच्या पुढे."

"मग मिरवणूक लिहा. आणि मिरवणूक असेल तर आधी पोलिसांचा कागद आणा."

पोलीस ठाण्यात साहेब मन लावून चहा पीत होते. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चहा बाजूला ठेवला.

"धिंड कोणाची आहे?"

"धिंड नाही हो. मिरवणूक."

"बाई, सव्वीस वर्षं झाली मला खात्यात. गाढव रस्त्यावर आलं की मागे कोणाची तरी धिंड असतेच. मागे पाण्याच्या मोर्चात गाढवाच्या गळ्यात साहेबांचा फोटो घातला, आणि झापला कोण गेला? मी. त्याच्यावर बसवणार कोणाला, ते सांगा."

"कोणालाच नाही."

"कोणालाच नाय बसवणार, मग गाढव कशाला?"

यावर मी त्यांना येशूची जेरुसलेमची सगळी गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं ज्युलियाकडून ऐकल्यामुळे मला ती बऱ्यापैकी येते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्याकडून लिहून घेतलं, की सदर गाढवाच्या अंगावर कोणत्याही पदाधिकाऱ्याचं वा पुढाऱ्याचं नाव, फोटो किंवा चिन्ह असणार नाही. मी हसत सही केली. गाढवाच्या अंगावर पुढाऱ्याचा फोटो कोण कशाला लावेल?

पोलिसांचा कागद दाखवल्यावर डॉक्टर आले. त्यांनी पास्कूचे पाय तपासले, मलम दिलं आणि म्हणाले, "औषध साधं आहे. पाय झाकून ठेवा. माशा बसल्या नाहीत तर आठ-दहा दिवसांत भरतील जखमा. मग देतो प्रमाणपत्र."

पाय झाकायचे कसे? त्या दिवशी दुपारी यांनी कॉम्प्युटरवर दोन तास घालवले आणि मला हाक मारली. पडद्यावर परदेशातलं एक गाढव होतं आणि त्याने चारी पायांत पायजमा घातला होता.

"जयंती," हे म्हणाले, "हे तुझं खातं आहे."

 तीन वर्षं मशीनवर झाकण होतं. मी टेप गळ्यात घातली, खडू घेतला आणि कुंपणाच्या भोकातून गेले. गाढवाचं माप घेणं हे तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. पोटाचा घेर घ्यायला टेप खालून पलीकडे टाकली, की पलीकडून ती पास्कू खातो. शेवटी ज्युलियाने पुढे उभं राहून त्याला एकेक पोळी भरवली आणि मी मागे माप उतरवलं. आठ पोळ्यांत माप झालं.

कापड घरातच होतं. यांच्या लेंग्यांसाठी आणलेलं, निळ्या पट्ट्यांचं. त्यातला एक लेंगा शिवून झाला होता, उरलेलं कापड पास्कूच्या नशिबी आलं. बेत असा, की चार सुटे पाय, प्रत्येक वर नाडीने घट्ट, आणि ते चारही पाठीवरच्या पट्ट्यांना टांगलेले. इलॅस्टिक घाल, असं शकु म्हणत होती. इलॅस्टिक काचतं. नाडी कधी दगा देत नाही, हे मी अठराशे मुलींना शिकवलं आहे, गाढवासाठी मी माझी मतं बदलणार नव्हते.

मी चारही पाय एकाच मापाने, एकाच आकारात कापले, गुडघ्याला बेताचा झोळ ठेवून. पायजमा चढवला. पास्कू उभा होता तोवर सुरेख दिसत होता. ज्युलियाने टाळ्या वाजवल्या. मग तो चालला आणि मागच्या दोन्ही पायांच्या शिवणी टरकन उसवल्या.

यांनी खाली वाकून पाहिलं. "जयंती, त्याचा मागचा पाय उलटा दुमडतो."

म्हणजे पुढचा सांधा पुढे आणि मागचा मागे. जन्मभर बोरिवलीत गाढवं पाहिली, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी झोळ नेमका विरुद्ध बाजूला ठेवला होता. पहिल्या वर्षाच्या मुलीने अशी चूक केली असती तर मी तिला सगळं उसवायला लावलं असतं. मी मला उसवायला लावलं. मागचे दोन पाय नव्याने कापायला घेतले आणि त्यात कापड संपलं. तीन पाय झाले, चौथ्याला नाही.

इथे राजेशभाऊ येतात. राजेशभाऊ हे आमच्या भागातले भावी नगरसेवक. गेली दहा वर्षं ते भावीच आहेत. दिवाळीत त्यांनी घरोघर कापडी पिशव्या वाटल्या होत्या, आत उटणं आणि पणत्या, बाहेर स्वतः राजेशभाऊ हात जोडून हसताना आणि खाली 'सदैव आपल्या सेवेत'. कापड मात्र जाड मांजरपाट, उत्तम. मी माझी पिशवी घेतली, शकुची घेतली, आणखी दोन घरांतून आणल्या, उसवल्या, जोडल्या आणि चौथा पाय बेतला. फोटो आतल्या बाजूला घ्यायला मी अजिबात विसरले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे बऱ्याच लोकांनी उलट सांगितलं. फक्त पिशव्यांच्या मापामुळे तो पाय चार बोटं लांब झाला.

पायजम्याने काम केलं. दुसऱ्याच दिवशी यांच्या यंत्राने पायांवर सहा असा आकडा दाखवला, त्याही बिचाऱ्या आत शिरायला वाट शोधत होत्या. आठवड्यात जखमांवर खपली धरली. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं आणि पायजम्याचा फोटो काढून नेला. गल्लीतली माणसं वाकडी वाट करून बघायला यायला लागली. शकु येता-जाता म्हणायची, "काकूंनी दोघांनाही सारखंच शिवलंय." यांचा लेंगाही त्याच पट्ट्यांचा होता ना. पण हे असं काही मनाला लावून घेत नाहीत.

मिरवणुकीला तीन दिवस होते. गुरुवारी सकाळी पास्कूला चालण्याचा सराव म्हणून हे त्याला फिरवायला घेऊन गेले, अंगात तोच लेंगा. मी अंघोळीला गेले होते. चौथा पाय लांब होता, त्याच्यात अडखळून पास्कू पडेल म्हणून ज्युलियाने मायेने तो खालून दोनदा दुमडून दिला. आतली बाजू बाहेर आली. त्या बाजूला कोण होतं, ते मी सांगितलंच आहे.

म्हणजे पुढे निळ्या पट्ट्यांचे श्यामसुंदर, मागे निळ्या पट्ट्यांचं गाढव, आणि गाढवाच्या मागच्या डाव्या पायावर राजेशभाऊ हात जोडून हसताहेत, प्रत्येक पावलाला जमिनीकडे वाकताहेत. ही वरात राजेशभाऊंच्या संपर्क कार्यालयावरून गेली. गेली आणि परत आली.

"तुम्हाला दिसलं नाही?" मी यांना नंतर विचारलं.

"मी तोंडावरच्या माशा मोजत होतो," हे म्हणाले. "पाय सिद्ध झालेले होते."

दुपारपर्यंत तो फोटो दहिसरपासून विलेपार्ल्यापर्यंत सगळ्यांकडे पोचला. माझी पार्ल्याची मावसबहीण, जी माझ्या वाढदिवसाला फोन करत नाही, तिने फोन करून विचारलं, "श्यामसुंदर राजकारणात उतरले का गं?"

संध्याकाळी राजेशभाऊ स्वतः आले. बरोबर चार कार्यकर्ते, चौघांचे चेहरे लाल.  राजेशभाऊ सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काकू, रविवारी पब्लिक किती असतं?"

"तीन हजार तरी."

"आणि लाइव्ह जातं म्हणे?"

"कॅनडापर्यंत."

राजेशभाऊंनी ग्लास खाली ठेवला. "मग एकाच पायावर कशाला?"

कार्यकर्त्यांना आणलेल्या रागाचं काय करावं ते कळेना. एकाने तो माझ्या मांजरीवर काढला. मी राजेशभाऊंना कशीबशी समजूत घालून वाटेला लावते आहे, तोच पोलीस ठाण्यातून फोन. दुसऱ्या एका भावी नगरसेवकाने तक्रार केली होती, की सार्वजनिक गाढवावर एकालाच जागा का?

"लिहून दिलं होतंत, बाई," साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले. "आता ऐका. रविवारी त्या गाढवाच्या अंगावर मला चिंधीसुद्धा दिसता कामा नये. चिंधी दिसली तर परवानगी रद्द."

झालं. तीन आठवडे, साडेपाच मीटर, चार पिशव्या, आणि ज्या दिवसासाठी सगळं केलं त्या दिवशी पायजमा नाही! मी सुन्न होऊन भोकाशी जाऊन उभी राहिले. ज्युलियाने लोणच्याची बरणी पुढे केली. मला गिळवेना, यावरून काय ते समजा.

शनिवारी रॉनीने पास्कूला तपासलं. जखम नाही, कागद पूर्ण. "पास, टीचर. पण मी घोडी बॅकअपला ठेवतोय. माशा आल्या, गाढव थांबलं, तर घोडी आत. सॉरी, पण लाइव्ह आहे."

रविवारी साडेसातलाच ऊन तापलं होतं. पास्कूला आंघोळ घातली होती, तो उघडा आणि देखणा दिसत होता. गल्लीच्या टोकाला ती घोडी उभी होती, गोंडे, झालर, कपाळावर मोगऱ्याची जाळी, अंगाला अत्तर. पास्कूच्या मागे फादर सेबॅस्टियन, मग बँड, मग हातात हिरव्या झावळ्या घेतलेली सगळी गर्दी. ज्युलिया तिच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, ठेवणीतलं लाल चौकड्यांचं लुगडं नेसून.

मिरवणूक निघाली. पास्कू ऐटीत चालला, बरोबर ज्युलियाच्या घरापर्यंत. तिथे रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी लागते. गाडी बंद होती, पण कालच्या चिपाडांचा ढीग तसाच होता. त्या ढिगातून जे उठलं ते मोजायला यांचं यंत्र पुरलं नसतं. पास्कूच्या चारही उघड्या पायांवर माशा बसल्या. त्याने एक पाय आपटला, दुसरा आपटला, आणि तो थांबला. ज्युलियाच्या डोळ्यांसमोर थांबला. मागे बँडने तेच कडवं दुसऱ्यांदा वाजवलं, मग तिसऱ्यांदा.

रॉनी एका हातात झावळी धरून दुसरा कानावर दाबत म्हणाला, "घोडी पाठव."

मी ज्युलियाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला, की पुढचं मी ठरवून केलेलं नाही.

"रॉनी, दे ती झावळी."

"टीचर, ती ब्लेस्ड आहे!"

"मग चांगलाच गुण येईल."

झावळी ओढून घेतली आणि भर मिरवणुकीत, कॅमेऱ्यासमोर, मी खाली बसून पास्कूच्या पुढच्या पायांवर वारा घालायला लागले. पुढचे पाय मोकळे झाले, माशा मागे गेल्या. मी मागे धावले, त्या पुढे आल्या. सदुसष्टाव्या वर्षी गाढवाभोवती किती फेऱ्या मारता येतात याला मर्यादा आहे. तिसऱ्या फेरीला मला दम लागला, तेव्हा गर्दीतली एक म्हातारी पुढे आली आणि काही न बोलता तिने मागचा डावा पाय सांभाळला. मग तिची सून आली. मग आणखी चौघी. मग पहिली रांग, मग दुसरी. बघता बघता पास्कूभोवती शंभर-दीडशे झावळ्या सळसळत होत्या, आणि माशांना टेकायला तसूभर जागा राहिली नव्हती.

फादर सेबॅस्टियननी माइक तोंडाशी धरला. "होसान्नाचा जयघोष चालू ठेवा," ते म्हणाले, "आणि हात थांबवू नका."

पास्कूने कान हलवले, मान वर केली आणि पाऊल टाकलं. सगळी गल्ली ओरडली. बँडवाल्यांना जोर चढला.

उठलेल्या माशांना कुठेतरी बसायचं होतंच, आणि मागे गल्लीच्या टोकाला अत्तर लावलेलं, फुलांनी मढलेलं, जन्मात माशी न पाहिलेलं जनावर उभं होतं. शिवाय बँड वाजला की नाचायचं, एवढंच तिला शिकवलेलं. त्यामुळे घोडी माशांनी हैराण होऊन उड्या मारत होती की तालावर नाचत होती, हे तिच्या मालकालाही सांगता येईना. तो लगाम धरून तिच्याबरोबर गोल फिरत होता आणि रॉनी कानातल्या यंत्रात ओरडत होता, "घोडी नको! घोडी कट कर!"

एवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. ज्युलिया ओटा उतरून आली होती. कशी उतरली ते मी पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही, सगळे गाढवाकडे बघत होते. तिने माझ्या दंडाला घट्ट धरलं, दुसरा हात पुढे केला आणि पास्कूला धरणाऱ्या माणसाला म्हणाली, "दोरी दे हिकडं."

चर्चपर्यंत शंभर पावलं होती. ती आम्ही ज्युलियाच्या गुडघ्यांच्या चालीने चाललो, आणि आमच्या मागे फादर, बँड आणि तीन हजार माणसं त्याच चालीने. मला रडू येत होतं. मी डोळे पुसायला थांबले आणि मागे काय गोंधळ चालला आहे ते बघायला वळले, तर ज्युलियाने माझा दंड हिसडला.

"मागं बगू नको गो, जयंती," ती समोर बघतच म्हणाली. "घोडीला वाईट वाटंल."